तुकड्याचा कायदा, गुंठ्याचा बाजार

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरमध्ये आज मनोरे, दुकाने आणि गाड्यांची रांग दिसते. शंभर वर्षांपूर्वी हे गाव शेतीच्या तुकड्यांसाठी प्रसिद्ध झाले होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरल्ड मान यांनी त्याची पाहणी करून १९१७ साली ती पुस्तकरूपाने छापली. १७७१ मध्ये इथल्या खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. तीही सलग नव्हती, ठिकठिकाणी विखुरलेली होती.

आजार दिसला, पण औषधावरून वाद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ च्या एका निबंधात वेगळाच मुद्दा मांडला. शेत लहान की मोठे हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांवर ठरते. खरे दुखणे जमिनीवर पडलेल्या माणसांच्या भाराचे आहे, आणि त्यावरचा उपाय उद्योगधंद्यांत आहे. १९२७ मध्ये मुंबई सरकारने लहान शेतांसंबंधीचे विधेयक कौन्सिलात आणले, तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. विरोध सगळीकडून वाढला आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले.

अखेर १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा आला. प्रत्येक भागासाठी जमिनीचे किमान 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरले. त्याहून लहान तुकडा विकायचा तर तो लगतच्या जमीनधारकालाच. वाटणी करतानाही नवा तुकडा पाडायचा नाही. कायदा मोडून केलेला व्यवहार रद्दबातल, शिवाय २५० रुपयांपर्यंत दंड.

हा कायदा नांगर डोळ्यांपुढे ठेवून लिहिला होता. पुढे शहर गावाच्या शिवेवर आले. हमरस्त्याकाठच्या शेतात कोणी ज्वारी पेरायला जागा मागत नव्हते. गॅरेज, टपरी, गाळा, गोदाम यांसाठी एक-दोन गुंठे हवे होते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. कायद्याच्या मोजमापात तो बसेना, म्हणून लोकांनी वाट काढली. पाच-दहा जणांनी मिळून सामाईक खरेदीखत करायचे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे चढवायची आणि हद्दी आपसांत ठरवायच्या. नाहीतर नुसती नोटरी. दुकान उभे राही, पण बांधकाम परवानगी आणि बँकेचे कर्ज यांचे दार बंद.

राज्याने एकेक गाठ सैल केली. १ जानेवारी २०१६ पासून महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत, तसेच आराखड्यात निवासी, व्यापारी वा औद्योगिक वापरासाठी ठेवलेल्या जमिनींवर हे निर्बंध राहिले नाहीत. २०१७ मध्ये जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय झाली. ती रक्कम लोकांना झेपेना. पुढे दर ५ टक्क्यांवर आणावा लागला. ८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत एका गुंठ्यापर्यंतचे शहरी व्यवहार मोकळे करण्याची घोषणा केली.

हे बरेच झाले. छोट्या दुकानदाराला स्वतःच्या नावाचा उतारा मिळणे ही लहान गोष्ट नाही. पण तुकडा मोकळा झाला म्हणून रस्ता रुंद होत नाही. रीतसर मंजूर रेखांकनात रस्ता, गटार आणि मोकळी जागा आधी सोडावी लागते. आपसांत पाडलेल्या गुंठ्यांत त्यांच्यासाठी कोणीच जागा सोडलेली नसते, आणि कागद नियमित करून ती मागाहून निर्माण होत नाही. नियम सोपे करताना क्षेत्रफळाची अट जरूर जावी. रस्त्याची मात्र राहायला हवी, कारण आगीचा बंब सातबारा बघून आत शिरत नाही.