लिलाव : एका शब्दाचा मूळार्थ

जामसंड्याहून देवगड बंदरावर उतरावे, तो मासळीचा लिलाव कानी पडतो. शब्द अस्सल देशी वाटतो. वस्तुतः तो पोर्तुगीज ‘लेइलांव’. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगिजांच्या भाषेत तो आला अरबीतून. मुळातला अर्थ ‘जाहीर करणे’. ‘इल्म’चा धातूही तोच. हिंदीत त्याचे ‘नीलाम’ झाले. आपण मात्र ‘घराचा लिलाव निघाला’ म्हणत त्याला बेअब्रूची छटा दिली. खरे तर चारचौघांत उच्चारलेला भाव हा त्याचा गाभा. याच जामसंड्याच्या हापूसचा (तोही शब्द पोर्तुगीजच!) सौदा मुंबईच्या फळबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून करीत; बागायतदाराला भाव कळे तो पट्टी हाती पडल्यावर.