मुंबईच्या सागाची ‘सुहैली’

२२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळील फाल्मथ बंदरात गंजाचे ओघळ अंगावर वागविणारी, रंग उडालेली एक शिडाची नौका शिरली. जकात खात्याचे अधिकारी शिरस्त्याप्रमाणे तीवर चढले आणि शिरस्त्याप्रमाणेच त्यांनी विचारले, कोठून आलात? नौकेवरील एकुलत्या एक इसमाने उत्तर दिले, फाल्मथहून. त्या उत्तरात ३१२ दिवस आणि सुमारे ३०,००० मैल सामावले होते. वाटेत कोठल्याही बंदरात न थांबता एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा पहिला मनुष्य होय. त्याचे नाव जगभर झाले. त्याची नौका ‘सुहैली’ मात्र आपल्या मुंबईची लेक, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या व्यापारी जहाजांवरील अधिकारी. मुंबईत असताना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्वतःची नौका बांधवून घेण्याचे मनात आणले आणि इंग्लंडहून आराखडे मागविले. आले ते निराळेच. मागितला एक कागद आणि आला दुसरा, हा अनुभव आपणां कचेरीतल्या मंडळींस नवा नाही. फरक इतकाच की त्यांनी स्मरणपत्र धाडण्याऐवजी आलेल्या कागदावरच काम सुरू केले! तो आराखडा विल्यम ॲट्किन या अमेरिकन रचनाकाराचा होता आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या किनाऱ्यावरील जीवरक्षक नौकांत होते. बांधा आखूड, रुंद आणि जड. डेकवरील लांबी अवघी ३२ फूट. वेगाची हौस असणाऱ्याने नाक मुरडावे असाच तो घाट होता.

लाकूड मात्र अस्सल सागाचे. सागाची जहाजे बांधण्याची मुंबईची परंपरा जुनी आहे. वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. ‘सुहैली’च्या सुतारांची हत्यारेही त्याच परंपरेतली होती: वाकस आणि दोरीने फिरवावयाचा सामता. १९६४ च्या अखेरीस नौका पाण्यात उतरली. इराणच्या आखातातील आग्नेयेकडच्या वाऱ्याला अरब खलाशी ‘सुहैली’ म्हणतात, तेच नाव तिला मिळाले. १९६५ च्या डिसेंबरात ती मुंबई सोडून निघाली, ती आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला पोहोचली.

पुढे १९६८ साली ‘संडे टाइम्स’ या पत्राने एकट्याने, न थांबता करावयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जाहीर केली. प्रथम परतणाऱ्यास सोन्याचा गोल आणि सर्वांत कमी दिवस घेणाऱ्यास ५,००० पौंड. नॉक्स-जॉन्स्टनला खरे तर या कामी मोठी, नवी पोलादी नौका हवी होती. पैसा उभा राहीना, म्हणून नाइलाजाने तो ‘सुहैली’ घेऊन १४ जून रोजी निघाला. एकूण नऊ जण निघाले.

महिना झाला न झाला तोच नौकेत पाणी येऊ लागले. डोलकाठीच्या आसपास, तळाच्या फळ्यांचे सांधे दोन्ही बाजूंनी ढिले झाले होते. मुंबईच्या कारागिरीचे गोडवे गाताना ही गोष्ट लपवून चालणार नाही. पण सांधा लाकडाचा होता म्हणूनच तो भर समुद्रात बुजविता आला. शार्कच्या नजरेत गोरी कातडी भरू नये म्हणून अंगात गडद कपडे घालून हा गडी पाण्याखाली उतरला आणि श्वास कोंडून सांध्यांत कापूस ठासू लागला. कापूस निघून येऊ नये म्हणून त्यावर डांबर फासलेली कापडी पट्टी ठोकली आणि वरून तांब्याची पट्टी. ते तांबे बिनतारी यंत्र बसविणाऱ्यांच्या कामातून उरलेले होते. मध्येच एक शार्क घोटाळू लागला, तेव्हा वर येऊन त्याला बंदुकीने मारावे लागले आणि मग काम पुढे चालू झाले.

इंजिनाची गोष्ट याहून मजेची आहे. बॅटऱ्या भारण्यासाठी नौकेवर एक लहानसे पेट्रोल-इंजिन होते. ते रुसले. त्याचा मॅग्नेटो उघडून दुरुस्त करणे एक वेळ साधले. परंतु जोडताना त्यातील फट इंचाच्या हजारांशाने मोजून ठेवावी लागते आणि ती मोजावयाच्या फीलर गेजच्या पट्ट्या जवळ नव्हत्या. त्याने वहीची पाने मोजली. एक इंच जाडीत २०० पाने भरली. म्हणजे एक पान इंचाचे पाच हजारांश. हव्या तितक्या जाडीची पाने फटीत धरून त्याने ती जुळविली आणि इंजिन सुरू झाले. वहीचा असा उपयोग कोणत्याही लेखनसामग्री विभागाला सुचला नसता! मुख्य डिझेल इंजिन मात्र पुढे गंजून असे घट्ट बसले की ते केवळ ओझे म्हणूनच परतले.

५ सप्टेंबरला दक्षिण महासागरात एका लाटेने नौका आडवी पाडली. खोलीचे छप्पर चौकटीवरून सरकले, टाक्यांतील पिण्याचे पाणी नासले. बिनतारी यंत्र बंद पडले, ऑस्ट्रेलियाच्या सुमारास आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडून गेली. नोव्हेंबरात न्यूझीलंडपाशी त्याला लोकांनी पाहिले, त्यानंतर साडेचार महिने त्याची वार्ता नव्हती. १७ जानेवारीस त्याने हॉर्नचे भूशिर ओलांडल्याचेही जगाला कळले नाही. ६ एप्रिलला अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला तो दिसला, तेव्हा तो जिवंत असल्याचे समजले.

इतर आठांपैकी एकही परतीच्या रेषेपर्यंत आला नाही. मुआतेसिए हा फ्रेंच नाविक वेगात सरस होता. पण त्याने युरोपकडे तोंड न करता सरळ ताहितीची वाट धरली. टेटलीची हलकी, तीन कण्यांची नौका मे महिन्यात अटलांटिकमध्ये बुडाली. क्रोहर्स्टने आपली स्थाने खोटी कळविली आणि अखेरीस त्याची नौका तेवढी रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने ५,००० पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले.

‘सुहैली’चा सरासरी वेग ताशी जेमतेम चार सागरी मैल भरतो. वेगवान नौका मोडल्या आणि ही मंदगती नौका टिकली, यात दैवाचा भाग थोडा नाही. तरी मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिच्यातील जे जे बिघडले, त्यातील बहुतेक एका माणसाला सुरी, खिळे आणि दोरीने नीट करता येण्यासारखे होते. जे तसे नव्हते, ते बिनतारी यंत्र आणि ते डिझेल इंजिन, त्यांच्यावाचून तिचे अडले नाही. वाकसाने तासलेली वस्तू वाकसाने दुरुस्त होते.

पुढे काही वर्षे तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मांडून ठेवले होते. तेथील कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्या, तेव्हा धन्याने तिला बाहेर काढले आणि डागडुजी करून पुन्हा पाण्यात सोडले.

२०१८ साली त्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त तशीच शर्यत पुन्हा भरली. त्या वेळी भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी जी ‘थुरिया’ घेऊन उतरले, ती ‘सुहैली’च्याच आराखड्यावर गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली होती. सप्टेंबरातच दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने तीन दिवसांनी त्यांना उचलले आणि ‘थुरिया’ तेथेच लाटांवर मागे राहिली. टॉमी पुन्हा उभे राहिले आणि २०२२ च्या शर्यतीत उतरून २०२३ साली दुसरे आले.