यंत्राची श्वाननिद्रा

श्रोतेहो, गेल्या वर्षी वार्षिक परीक्षेचे गुण लॅपटॉपमध्ये भरून मी त्याचे झाकण मिटले व तो पिशवीत ठेवला. सकाळी शाळेत पाहतो तो यंत्र तापलेले आणि बॅटरी रिकामी! रात्रभर ते निजलेच नव्हते. मुले निकालासाठी खोळंबली. त्या दिवसापासून यंत्राच्या निद्रेचा इतिहास जाणून घ्यावासा वाटू लागला.

१९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी 'एपीएम' नावाची व्यवस्था आणली. तीत यंत्राला निजविण्या-उठविण्याचा कारभार मुख्यतः बायोसच्या हाती असे. डिसेंबर १९९६ मध्ये याच दोन कंपन्यांनी तोशिबासह 'एसीपीआय' ही संहिता प्रसिद्ध केली आणि हा अधिकार कार्यप्रणालीकडे, म्हणजे तिच्या गाभ्याकडे, कर्नलकडे आला. संहितेतील 'एस-३' ही निद्रा गाढ होती. स्मृतीपुरती वीज चालू राही. प्रोसेसर बंद होई.

पुढे दूरध्वनीप्रमाणे लॅपटॉपही क्षणात जागा व्हावा, अशी अपेक्षा वाढली. २०१२ च्या विंडोज ८ ने तशी हलकी निद्रा आणली. लिनक्सच्या कर्नलमध्ये ती २०१३ साली ३.९ या आवृत्तीत आली. हिला श्वाननिद्राच म्हणावे. प्रोसेसर बंद होत नाही, केवळ स्वस्थ पडून राहतो, आणि जरा चाहूल लागताच कान टवकारतो.

अडचण येथेच उद्भवली. लॅपटॉपमध्ये एक छोटा नियंत्रक असतो. झाकण उघडल्याची वर्दी तोच देतो आणि बॅटरी किंचित उतरल्याचीही तोच. दोन्ही वर्दी एकाच वाटेने येतात. वाट बंद करावी, तर झाकण उघडूनही यंत्र उठत नाही. उघडी ठेवावी, तर क्षुल्लक निरोपानेही झोपमोड होते.

लिनक्सच्या वीज-व्यवस्थेचे प्रमुख राफाएल विसोत्स्की यांनी २०१७ साली यावर उपाय योजला. पहिला प्रयत्न घाईचा ठरला. निरनिराळ्या यंत्रांवर नव्या तक्रारी उद्भवल्या आणि तो मागे घ्यावा लागला. परंतु त्याच वर्षी ४.१३ या आवृत्तीत तो सुधारून पुन्हा आला. आता हाक आली की कर्नल अर्धवट जागा होतो, निरोप काय आहे ते पाहतो आणि तो उठण्याजोगा नसेल तर पडदा न उजळता पुन्हा निजतो. दारावरचा जुना पहारेकरी पाऊल वाजताच डोळा उघडतो. पण मांजर दिसले, तर घरच्यांना उठवीत नाही. तसेच हे.

प्रत्येक यंत्राचा नियंत्रक निराळा, म्हणून हे काम अद्यापि संपलेले नाही. माझ्या लॅपटॉपची झोप माउसच्या जोडणीने मोडत होती. तिची उठविण्याची परवानगी काढून घेतली आणि यंत्र सुखाने निजू लागले. तरीही, श्रोतेहो, निकालाच्या आदल्या रात्री मी ते पूर्ण बंद करूनच ठेवतो, आणि गुणांची एक प्रत कागदावर उतरवितो.