शाळाप्रवेश पूर्ण झाला, असे कधी म्हणायचे?

अमरगोळ, नवनगर आणि एपीएमसी यार्डाच्या आसपास राहणाऱ्या आपल्या सभासदांपैकी अनेकांची नाती आजही सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आहेत. बदली, व्यापार किंवा घरगुती कारणाने मुलांची शाळा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलते. फी भरली, गणवेश घेतला, मूल वर्गात बसू लागले, की आपण ॲडमिशन झाली असे समजतो. शाळेच्या दफ्तरी मात्र काही कामे त्यानंतरही शिल्लक असतात. ती कोणती, हे एका ठिकाणी मिळावे म्हणून ही माहिती देत आहोत.

आधी शब्दांचा घोळ

महाराष्ट्रातून येताना आपण ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणजे एलसी आणतो. इथे त्यालाच टीसी किंवा कन्नडमध्ये ‘वर्गावणे पत्र’ म्हणतात. कन्नडमधील ‘दाखलाती’ म्हणजे शाळेत नाव दाखल करणे. त्यामुळे ऑफिसात ‘दाखलाती झाली का?’ असे विचारले, तर प्रश्न तुमच्या हातातल्या दाखल्याचा नसून मुलाचे नाव रजिस्टरला चढले का, याचा असतो.

वर्गात बसण्याचा हक्क

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. पालकांनी त्यातली पुढील कलमे लक्षात ठेवावीत.

कलम ५ : मूल एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, राज्य बदलत असेल तरीही, जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी टीसी ताबडतोब द्यायची आहे. टीसी यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.

कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

कलम १५ : प्रवेशाची मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही.

आधार कार्डाबाबत, शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे.

म्हणजे कागद अपुरे असले तरी मूल घरी बसवू नये. मात्र मूल वर्गात बसले म्हणून कागदांचा पाठपुरावाही सोडू नये. नेमकी इथेच चूक होते.

प्रवेश पूर्ण झाल्याच्या चार खुणा

१. प्रवेश रजिस्टरातील क्रमांक. फीच्या पावतीवरचा क्रमांक वेगळा आणि प्रवेश रजिस्टरातला क्रमांक वेगळा. तो मागून घ्यावा व घरी लिहून ठेवावा. पुढे टीसी निघते ती याच नोंदीवरून.

२. मूळ टीसी जमा. दुसऱ्या राज्यातील दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बऱ्याच शाळा मागतात. ती गाव सोडण्यापूर्वीच घेतलेली बरी. मूळ प्रत देण्याआधी झेरॉक्स काढून ठेवावी व मूळ प्रत दिल्याची पोच घ्यावी.

३. ऑनलाइन नोंद. कर्नाटकात प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ‘सॅट्स’ या प्रणालीत असते. देशपातळीवर ‘यूडायस प्लस’ आहे. २०२२-२३ पासून त्यात विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते आणि मुलाला कायम क्रमांक मिळतो, त्याला ‘पेन’ म्हणतात. जुनी शाळा मुलाचे नाव आपल्या यादीतून सोडते, ते ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये जाते आणि नवी शाळा तिथून ते आपल्याकडे घेते. जुन्या शाळेने नाव सोडले नसेल, तर मूल इथे वर्गात असूनही कागदोपत्री तिकडेच राहते.

४. नाव आणि जन्मतारीख जुळणे. आपल्याकडे मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. इथे बऱ्याचदा इनिशियल लावतात. त्यात मराठीतून कन्नड व इंग्रजी होताना ‘चव्हाण’ची स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने पडतात. जन्मदाखला, टीसी आणि सॅट्स या तिन्हींत अक्षरन् अक्षर एकच आहे, हे स्वतः पाहावे. दहावी झाल्यावर दुरुस्ती फार कठीण जाते.

या चारही गोष्टी झाल्या की प्रवेश पूर्ण झाला, असे आम्ही सभासदांना सांगतो.

एक अनुभव

आमच्या परिचयातील एक कुटुंब सांगली जिल्ह्यातून आले. मुलगी आठवीत बसली, दोन वर्षे नीट गेली. दहावीच्या परीक्षेची नावनोंदणी सुरू झाली तेव्हा यादीत तिचे नाव येईना. जुन्या शाळेने दाखला दिला होता, पण ऑनलाइन नाव सोडलेच नव्हते. वडिलांना दोनदा गावी जावे लागले आणि काम शेवटच्या आठवड्यात झाले. मुलीच्या अभ्यासाचे ते दिवस काळजीत गेले. आठवीतच पेन क्रमांक दाखवून विचारले असते, तर हे एका फोनवर झाले असते.

वेळेचा हिशेब

कर्नाटकातील शाळा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतात, महाराष्ट्रातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास. मे महिन्यात तिकडे सुट्टी असते आणि दाखला द्यायला कोणी भेटत नाही. म्हणून येणे ठरले असेल तर वार्षिक निकालाच्या दिवशीच दाखल्याचा अर्ज द्यावा.

पहिलीच्या वयाचा नियमही दोन्हीकडे वेगळा आहे. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणे पाहतात. कर्नाटकाच्या २०२२ च्या आदेशात १ जूनला सहा वर्षे पूर्ण ही अट आहे. तिचा अंमल २०२५-२६ पासून ठरला होता, पण त्या वर्षापुरती ५ वर्षे ५ महिन्यांपर्यंत सूट मिळाली. जून ते डिसेंबर दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी त्या-त्या वर्षीचा आदेश शाळेत आधी विचारून घ्यावा.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशात जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे, त्यांनी दाखल्यावर बाळाचे पूर्ण नाव आताच घालून घ्यावे.

कन्नडचीही तयारी ठेवावी. २०१५ च्या कायद्यानुसार इथल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. २०१७-१८ मध्ये पहिलीपासून सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांना लागू होत गेली. मधल्या वर्गात येणाऱ्या मुलाला अक्षरओळख सुट्टीतच करून दिली, तर पहिली चाचणी जड जात नाही.

अडले तर

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. काम झाले नाही तर बीईओ ऑफिस, त्यानंतर धारवाडचे उपनिर्देशक कार्यालय. जुनी शाळा महाराष्ट्रात असेल तर तिथल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. तोंडी बोलण्यापेक्षा तारीख घातलेला कागद उपयोगी पडतो.

यूडायसची माहिती पूर्वापार ३० सप्टेंबर ही तारीख धरून घेतली जाते. आपणही तीच तारीख धरावी. गणपती-दसऱ्याच्या धामधुमीत एक दिवस काढून शाळेत जावे, वरच्या चार गोष्टी पाहाव्यात आणि त्यांची एक फाईल घरी करून ठेवावी. कन्नडमधील अर्ज लिहायला अडचण असेल, तर मंडळात या. आपण मिळून लिहू.