आकाश पाहण्यासाठी खाणीत उतरलेली विद्या

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचं बोलणं भाव, तोळा आणि घट यांवर चालतं. माल मुळात कुठल्या खाणीतला, हे कुणी विचारत नाही. कोलारची खाण मात्र याला अपवाद करावी अशी आहे. कर्नाटकातली ही खाण परवडेनाशी झाली आणि २००१ मध्ये बंद पडली, पण त्याआधी तिथे सोन्याखेरीज आणखी काही निघालं होतं. दूरच्या तेजस्वी दीर्घिकांमधून येणारे न्यूट्रिनो आज दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात टिपले जातात. या विद्येचं कूळ शोधत मागे गेलं की एक मुळी कोलारला लागते आणि तिथून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत.

न्यूट्रिनो जन्मला तो हिशेब जुळवण्यासाठी. बीटा किरणोत्सारात थोडी ऊर्जा हरवलेली दिसे. ती नेणारा एक कण असावा, असं वोल्फगांग पाउलीनं १९३० मध्ये सुचवलं. प्रत्यक्ष पुरावा मिळायला १९५६ उजाडलं, आणि तोही अणुभट्टीच्या शेजारी. या कणाला विद्युतभार नाही, वस्तुमान जवळजवळ नाही. तुमच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सूर्याचे साठेक अब्ज न्यूट्रिनो आरपार जातात आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. तो कशालाच अडत नाही म्हणून पकडायला अवघड, आणि नेमका त्याच गुणामुळे मोलाचा. प्रकाश धुळीत अडतो, भारित कण चुंबकक्षेत्रात भरकटतात. न्यूट्रिनो जिथून निघाला तिथून सरळ येतो.

कोलारला गेलेल्या मंडळींच्या डोक्यात सुरुवातीला न्यूट्रिनो नव्हताच. टाटा संस्थेच्या होमी भाभांचा जिव्हाळ्याचा विषय विश्वकिरण. ते वातावरणावर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि जमिनीत खोलवर घुसतात. किती खोल, हे मोजायला भाभांनी १९५१ मध्ये बी. व्ही. श्रीकांतन यांना कोलारला धाडलं. पुढे साठीच्या दशकाच्या आरंभी ओसाकाचे मियाके, तसेच नरसिंहम आणि रमण मूर्ती उपकरणं घेऊन एकेक पातळी खाली उतरत गेले. खोली वाढली तशी नोंद घटली. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास तर आठवडेच्या आठवडे उपकरण चालू, आणि एकही म्युऑन नाही.

दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून वर आला असता. मला तर या सगळ्या कथेतला सर्वांत श्रीमंत आकडा हे शून्यच वाटतं. वरून काहीच पोचत नसेल तर तिथे आडवा आलेला कण न्यूट्रिनोनंच खडकात निर्माण केलेला असणार! डोक्यावरचा खडक ही चाळण. बाकी सगळं वर राहतं, न्यूट्रिनो तेवढा गळून खाली येतो. असा शोध घेता येईल हे १९६० मध्ये मार्कोव्ह आणि ग्रायझेन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं होतं. चाळण कुठे मिळेल, ते कोलारनं दाखवलं.

मग टाटा संस्था, ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ एकत्र आले. सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर त्यांनी शोधक बसवले, तेही भिंतीसारखे उभे, कारण आडवे येणारे कण हवे होते. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा तिथे सापडल्या आणि निबंध १५ ऑगस्ट १९६५ ला छापून आला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाचा शोधही तेव्हाच चालू होता. त्यांची पहिली नोंद त्याच वर्षी २३ फेब्रुवारीची, म्हणजे आपल्याआधीची, पण त्यांचा निबंध आला ३० ऑगस्टला. पहिलं कोण, यावर भांडण्यात अर्थ नाही. दोघांनीही खाणच निवडली, हे अधिक बोलकं आहे.

पण खाणीतली जागा बेताची. दूरच्या दीर्घिकांमधून येणारे प्रचंड ऊर्जेचे न्यूट्रिनो इतके विरळ, की सापळा घन किलोमीटरचा हवा. मार्कोव्हनं त्यासाठी सरोवर किंवा समुद्र सुचवला होता. हवाईजवळच्या समुद्रातला प्रयत्न सोडून द्यावा लागला, रशियाच्या बैकाल सरोवरात जमला. डिसेंबर २०१० मध्ये दक्षिण ध्रुवावर ‘आइसक्यूब’ ही वेधशाळा पुरी झाली. दीड ते अडीच किलोमीटर खोल बर्फात ५,१६० प्रकाशशोधक टांगलेले आहेत, आणि न्यूट्रिनोच्या टकरीतून उठलेला निळसर प्रकाश ते टिपतात. चाळण म्हणून आता अख्खी पृथ्वी.

२२ सप्टेंबर २०१७ ला आइसक्यूबमध्ये सुमारे २९० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रिनो नोंदला गेला. त्याचा माग मृग नक्षत्राच्या खांद्याजवळ निघाला. थंडीत रात्रीची वीज येते म्हणून गव्हाला पाणी द्यायला शिवारात जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर असतं तेच नक्षत्र. त्या जागी टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार आहे. ब्लेझार म्हणजे मध्यावरच्या महाकाय कृष्णविवराचा झोत थेट आपल्याकडे रोखलेली दीर्घिका. नेमकी त्याच सुमारास ती गॅमा किरणांत भडकली होती. मेळ योगायोगाचा असण्याची शक्यता हजारात एक, तेव्हा पुरावा जोरदार, पण निर्णायक नव्हे. २०२२ मध्ये त्याहून भक्कम पुरावा आला तो एनजीसी १०६८ चा. पावणेपाच कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका, अपेक्षेहून सुमारे ७९ न्यूट्रिनो जास्त. तिचं केंद्र मात्र दाट वायू-धुळीत झाकलेलं, गॅमा किरणांत मंद. म्हणजे सर्वांत झगझगीत तेच न्यूट्रिनोंचं घर, हा सोयीचा समज आता टिकत नाही. ज्ञात ब्लेझारांच्या वाट्याला एकूण न्यूट्रिनोंतला थोडाच भाग येतो. बाकीचे कुठून येतात, याचा शोध अजून चालू आहे.

आपल्याकडे कोलारचे प्रयोग १९९०च्या दशकारंभी थांबले. त्यांचा वारसा चालवणारी भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात उभारायची होती. केंद्रानं दीड हजार कोटींची मंजुरी दिली, पण स्थानिक विरोध आणि न्यायालयीन वादात बांधकाम अडलं. डोंगराखालच्या गावांना न पटवता असं काम उभं राहू नये, हेही खरं.

विद्यार्थ्यांना मात्र त्यासाठी थांबायचं कारण नाही. आइसक्यूबनं २००८ ते २०१८ या दहा वर्षांच्या अकरा लाखांहून अधिक नोंदी, दिशा आणि ऊर्जेसह, सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. जळगावच्या विद्यापीठात किंवा धुळ्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला त्या जरूर घ्याव्यात. साधा संगणक पुरतो.