ध्वनिक्षेपक-बांधणी (घरगुती)

ध्वनिक्षेपक-बांधणी, घरगुती : सुटा स्पीकर विकत आणायचा, त्याच्यासाठी पेटी स्वतः करायची आणि मग त्यावर घरी गाणे ऐकायचे, असा छंद. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द परवानगीच्या अर्जात आणि वर्तमानपत्रात भेटतो. बोलण्यात सभेचा तो भोंगा किंवा कर्णा, घरातला तो स्पीकर आणि त्याची पेटी म्हणजे बॉक्स किंवा सरळ डबा. कोन, कॉईल, मॅग्नेट हे कारखान्यात तयार होते. छंदिष्टाच्या हातात उरतो तो डबा. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत डब्यालाच जास्त जागा दिली आहे. जागेनुसार जिथे फरक पडतो तिथे वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथील हवामान, घरे आणि बाजार गृहीत धरला आहे.

आजच्या फिरत्या कॉईलच्या स्पीकरचा पाया अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये घातला. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद लहान डब्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून दाखवला. तोवर खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी हवी अशी समजूत होती. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये डब्याचे गणित मांडले, आणि सुताराच्या अंदाजाचे काम कागदावर आले. आपल्याकडे आयातीवरच्या निर्बंधांच्या काळात चांगला परदेशी संच सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. हौशी लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर सुटे भाग शोधत. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकातल्या आकृत्या त्यांच्या कामी येत. टूएन ३०५५ हा ट्रान्झिस्टर त्या पिढीला तोंडपाठ असे. पुढे सान्योची ४४४० ही आयसी आली. ती मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, त्यामुळे भारनियमनातही गाणे थांबत नसे. तिची ताकद दर बाजूला ६ वॉटच्या आसपास. खोलीला तेवढी पुरते, हे सांगून पटत नाही. खोक्यावर हजारो ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल ताकदीचे) वॉट छापलेले वाचायची डोळ्यांना सवय झालेली असते.

स्पीकर उघडा वाजवला तर कोनच्या पुढची आणि मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात. खर्ज नाहीसा होतो, उरतो तो किरकिरा आवाज. डबा मागची लाट कोंडतो किंवा नळीवाटे वळवून कामाला लावतो. दुसऱ्या प्रकारचा एक डबा उदाहरणादाखल घेऊ. आतून २४ × ३० × ३६ सेंटिमीटर म्हणजे जवळपास २६ लिटर हवा. त्यात आतून ७ सेंटिमीटर व्यासाचा, १५ सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला की तो डबा सुमारे ४७ हर्ट्झला घुमतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होते तेच. पाइप आखूड केला तर ही पट्टी चढते, लांब केला तर उतरते. ४७ हर्ट्झ पुरेसे आहेत का? काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, भजन ऐकणाऱ्याला याहून खोल जाण्याचे कारण नाही. त्याखालची हौस चित्रपटातल्या स्फोटांसाठी करावी लागते, आणि तिचा खर्च फार.

पाइप किती लांब हे स्पीकरच्या स्वभावावर ठरते. सुट्या विकल्या जाणाऱ्या स्वस्त स्पीकरसोबत मापांचा कागद क्वचितच मिळतो, तेव्हा मापे स्वतःच काढावी लागतात. मोबाईलवरून एकेक सूर सोडायचा, स्पीकरच्या रांगेत एक रेझिस्टर जोडायचा आणि स्पीकरच्या तारांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरवर सर्वांत जास्त कुठे चढतो ते पाहायचे. तो स्पीकरचा स्वतःचा सूर. मग कोनवर वजन केलेली मातीची गोळी चिकटवून तेच पुन्हा करायचे. सूर किती उतरला यावरून कोनचे वजन आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याचा ताण कळतो. काम एका दुपारचे आहे, पण बहुतेक जण ते टाळतात आणि मग डब्याला दोष देतात.

लाकडाच्या बाबतीत विदर्भातल्या माणसाचा हात आपसूक सागाकडे जातो. आलापल्ली-बल्लारपूरचा साग दिसायला देखणा, पण अखंड फळीचा डबा इथल्या हवेत फसवतो. मे महिन्यात फळी सुकते, ऑगस्टमध्ये फुगते, सांधा उघडतो आणि तिथून हवा शिट्टी मारते. म्हणून १८ मिलिमीटरचा प्लाय किंवा एमडीएफ घ्यावा आणि साग हवाच असेल तर वरून त्याचे विनिअर लावावे. डब्याला आत एक-दोन आडव्या पट्ट्या हव्यात. बोटाने टिचकी मारून पाहावी. मडक्यासारखा आवाज आला तर पट्टी कमी पडली.

मडक्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. माठाच्या तोंडाशी प्लायची गोल चकती बसवून त्यात स्पीकर लावण्याचा प्रकार आपल्याकडे चहाच्या टपरीवरही पाहायला मिळतो आणि तो हसण्यावारी नेला जातो. हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये निरनिराळ्या आकारांच्या पेट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गोल सर्वांत गुणी ठरला आणि घनाकृती डबा त्याच्या बराच मागे पडला, कारण कडांवर आवाज आपटून फुटतो आणि गोलाला कडाच नसतात. शिवाय वळणदार भिंत सपाट फळीसारखी थरथरत नाही. कुंभाराला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माठाचे दोष दोन. पाणी थंड करणारी त्याची सच्छिद्रता हवा गळू देते, म्हणून आतून रंगाचे दोन हात द्यावे लागतात. आणि नळीसाठी भोक पाडताना तो तडकतो. चकतीच्या कडेला एम-सील भरतात.

हवाबंद डब्यात मऊ भरण घातले की आतली हवा सैल पडते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटरवरून सिद्धांतानुसार २९० पर्यंत उतरू शकतो आणि डबा असतो त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. इंग्लंडमध्ये ए. आर. बेली यांनी १९६५ मध्ये पेटीतल्या भरणासाठी लांब धाग्याची लोकर वापरली. वर्धा जिल्ह्यात लोकर शोधत बसायचे कारण नाही, हिंगणघाटचा कापूस हाताशी आहे. पिंजलेला कापूस मांजरपाटाच्या सैल पिशवीत भरून टाकावा, नाहीतर तो खाली बसून गोळा होतो किंवा कोनला चिकटतो. नळीच्या डब्यात भिंतींना पातळ थर पुरे. नळीचे तोंड मोकळे हवे.

ट्वीटरच्या (तार स्वरांसाठीच्या लहान स्पीकरच्या) वाटेत साधा ३.३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला तर ८ ओहमच्या ट्वीटरला सुमारे ६,००० हर्ट्झच्या खालचा आवाज क्रमाक्रमाने कमी पोहोचतो. सुरुवातीला इतका क्रॉसओव्हर (स्पीकरांत सूर वाटून देणारी जोडणी) चालतो.

डबा झाला तरी निम्मे काम खोलीकडे असते. १० × १२ फुटांची खोली, खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना गिलावा केलेली भिंत. अशी खोली लांबीच्या दिशेने ४७ आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झला स्वतःच घुमते. वरचा डबा नेमका ४७ लाच घुमत होता, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. कोपऱ्यात ठेवला तर डग्ग्याचा प्रत्येक ठोका पिंपात पडल्यासारखा येतो. डबा कोपऱ्यातून दोन-तीन फूट बाहेर ओढावा, पाइप थोडा कापावा, सतरंजी अंथरावी आणि भिंतीला गादी उभी करून पाहावी. सतरंजीने टाळीचा प्रतिध्वनी मरतो, पण घुमारा जागा बदलल्याशिवाय जात नाही. उन्हाचाही हिशोब करायचा तर जानेवारीच्या पहाटे ११ अंशांना आणि मेच्या दुपारी ४५ अंशांना डब्याच्या पट्टीत जेमतेम ३ हर्ट्झचा फरक पडतो. तो कुणाच्या कानाला कळणार नाही; कूलरची घरघर मात्र कळते.

पारख करताना तंबोरा आणि बातम्या वाचणाऱ्याचा आवाज पुरेसा आहे. जव्हारी स्वच्छ ऐकू आली तर ट्वीटर ठीक. माणूस छातीत बोलल्यासारखा, ‘डब्यातून’ बोलल्यासारखा वाटला तर फळी किंवा खोली दोषी. ढोल-ताशावर पारख करू नये, त्यावर वाईट स्पीकरही शूर वाटतो.

सावंगी (मेघे) येथे १९९० मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये व शिक्षणसंस्थांभोवती किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र घोषित करता येतो. तिथे मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल, तर निवासी भागात ५५ आणि ४५. रात्र म्हणजे १० ते ६. हे नियम मिरवणुकीतल्या डीजेसाठीच आहेत असा समज आहे, पण खासगी संचही घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. ज्यातून हळू आवाजातही सगळे ऐकू येते तोच डबा चांगला, त्यामुळे या छंदाला नियमाची अडचण सहसा होत नाही.

निगा थोडीच लागते. कोनच्या कडेची फोमची झालर काही वर्षांत भुगा होऊन गळते, रबराची जास्त टिकते. झालर गळली म्हणून स्पीकर टाकू नये. दुरुस्तीवाला नवी चिकटवून देतो. कोन दोन्ही अंगठ्यांनी सावकाश आत दाबून पाहावा. खरखर ऐकू आली तर कॉईल घासते आहे, मग रिकॉईलिंग. ते घरी करण्याच्या फंदात बहुतेक जण एकदाच पडतात.