देवणी गाय आणि वैशाखाचे ऊन

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि जुना बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखात आले. बीदर, भालकी, औराद म्हैसूर राज्यात राहिले. माणसांच्या कचेऱ्या बदलल्या, गोठ्यातील देवणी गाय मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस तीच राहिली.

उदगीर भागातील देवणी गावावरून तिला हे नाव मिळाले. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून ही जात घडली, असे पशुशास्त्रज्ञ मानतात. फुगीर कपाळ आणि लोंबते कान ही गीरची खूण होय. शेतकऱ्यांनी रंगावरून तिचे तीन प्रकार पाडले: बालंक्या, वानेरा आणि शेवरा. गाईने दूध द्यावे, बैलाने नांगर ओढावा आणि दोघांनीही येथील उन्हाळा सोसावा, अशी ही निवड होती.

उन्हाळा सोसणे म्हणजे काय, याचे उत्तर शास्त्राने पुढे दिले. फ्रान्समध्ये लाव्हाझिए व लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले आणि वितळलेल्या बर्फावरून त्याची उष्णता मोजली. श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यांनी १७८३ मध्ये मांडला. गाईच्या पोटात चारा आंबताना उष्णता निर्माण होते, दूध तयार होताना आणखी होते. तिच्या शरीराचे तापमान मात्र साडेअडतीस अंश सेल्सियसच्या आसपास राहावे लागते. कलबुर्गीकडे पारा चाळीसच्या वर गेला की अंगातील उष्णता हवेत जाईनाशी होते. उलट हवेचीच उष्णता अंगात शिरू लागते. मग घाम आणि धाप एवढेच मार्ग उरतात.

येथेच वशिंडाच्या देशी गाईचे बळ दिसते. तिच्या घर्मग्रंथी मोठ्या व त्वचेलगत असतात, केस आखूड असतात, आणि विसाव्याच्या वेळी तिचे शरीर मुळातच कमी उष्णता निर्माण करते. म्हशीला घर्मग्रंथी थोड्या. म्हणून ती मांजरेच्या डोहात बसून राहते.

१९६० नंतरच्या दशकांत अधिक दुधासाठी परदेशी वळूंचा संकर देशभर वाढला. दूध वाढले, हे खरेच. पण अधिक दूध म्हणजे अधिक उष्णता. थंड देशाच्या रक्ताची गाय उन्हाळ्यात चारा सोडते आणि दुधाला उतरते. तिकडे ट्रॅक्टर आल्याने देवणी बैलाची मागणीही ओसरली. बीदर येथे २००४ साली पशुवैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले, हे समाधानाचे आहे. परंतु वाण टिकतो तो अखेर गोठ्यात. उन्हाळे अधिक प्रखर होत असताना, पिढ्यानुपिढ्या पारखून मिळविलेली ही ठेव हातची घालविली, तर ती पुन्हा उभी करण्यास तितक्याच पिढ्या लागतील.